नभोवाणीवरील हसरी गाणी आणि आपण
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत माझ्या आधी जे विद्वान वक्ते बोलून गेले, त्यांचे विषय भारदस्त होते. संतवाङ्मय झाले, मराठेशाही आणि उत्तर हिंदुस्थान झाले, नाट्यसंगीतही झाले. त्या पंक्तीत माझा विषय वाचून काही मंडळींच्या भुवया वर गेल्या, हे मी इथून पाहतो आहे. नभोवाणीने, म्हणजे आपल्या रोजच्या भाषेत रेडिओने, घराघरांत पोहोचविलेली विनोदी आणि चमत्कृतीची गाणी, असा हा विषय आहे आणि तो मी मागून घेतला आहे. मी संगीताचा अधिकारी पुरुष नव्हे. बी. ए. झालो, केंद्र सरकारच्या नोकरीत शिरलो आणि आजवर फाईलींवर टिपणे लिहीत आलो. तेव्हा हेही एका श्रोत्याचे टिपणच समजावे. टिपणात आधी प्रकरण, मग पूर्वपीठिका आणि शेवटी प्रस्ताव असा क्रम असतो. तो मी पाळू पाहीन. पण प्रकरणच थोडे उनाड आहे.

प्रकरण असे. काही वर्षांपूर्वी गणेशोत्सवाच्या कार्यक्रमांची आखणी करण्यासाठी आपण काही जण बसलो होतो. एका शाळकरी मुलीने 'इना मीना डीका' म्हणण्याची इच्छा कळविली होती. एका ज्येष्ठ सभासदांनी अत्यंत सौम्यपणे सांगितले, की आपण भातखंड्यांच्या गावात राहतो. आपल्या व्यासपीठावर असले काही शोभणार नाही, लोक काय म्हणतील? त्या मुलीला एक भावगीत नेमून देण्यात आले. तिने ते म्हटले, बरे म्हटले, आणि पुढल्या वर्षापासून ती मंडळात आली नाही. एवढ्याच कारणाने आली नाही असे मी म्हणणार नाही. परीक्षा असतात, शिकवण्या असतात. परंतु 'लोक काय म्हणतील' हा प्रश्न माझ्या मनात राहून गेला. लखनौच्या लोकांनी आपल्याला कोण म्हणून ओळखावे, आणि आपण स्वतःला कोण म्हणून ओळखतो, असा तो प्रश्न आहे.

आपली इथली ओळख काय आहे ते सर्वांना ठाऊक आहे. १९२६ साली पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी राय उमानाथ बली, राय राजेश्वर बली यांच्या साहाय्याने या शहरात मॅरिस कॉलेज ऑफ हिंदुस्थानी म्युझिक उभे केले. कैसरबागेतील तेच महाविद्यालय पुढे १९६६ साली राज्य सरकारकडे जाऊन भातखंड्यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले, २००० साली अभिमत विद्यापीठ झाले, आणि आज ते राज्याचे संस्कृती विश्वविद्यालय आहे. श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांनी तिथे प्राचार्यपद भूषविले आणि पिढ्या घडविल्या. लखनौचा कोणीही जाणता गृहस्थ मराठी माणूस भेटला म्हणजे ही दोन नावे आदराने घेतो, आणि आपली मान ताठ होते. हे योग्यच आहे. माझे म्हणणे एवढेच, की या मानाच्या पंगतीत एक पान रिकामे राहिले आहे. ज्याच्या गाण्यांवर याच लखनौच्या गल्ल्यांतून, हजरतगंजपासून अमीनाबादपर्यंत, पानाच्या ठेल्यांवर माणसे मान डोलवीत होती, तोही मराठीच होता. त्याचे नाव आपण सहसा घेत नाही. आणि घेतलेच तर त्याच्या एका रडविणाऱ्या गाण्यासाठी घेतो.

तो माणूस म्हणजे रामचंद्र नरहर चितळकर, अर्थात सी. रामचंद्र. जन्म १२ जानेवारी १९१८ चा, त्या वेळच्या अहमदनगर आणि आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील पुणतांबे या गावचा. त्यांचे शिक्षण कुठे झाले ते मुद्दाम सांगतो. नागपुरास शंकरराव सप्रे यांच्याकडे आणि पुण्यास गांधर्व महाविद्यालयात विनायकबुवा पटवर्धनांकडे. म्हणजे पलुस्करांच्या परंपरेतील पक्क्या तालमीत. पुढे नट होण्याच्या ओढीने ते चित्रपटात शिरले, नटपण काही जमले नाही, आणि मिनर्व्हा मूव्हिटोनमध्ये ते पेटीवर साथ करू लागले. संगीतदिग्दर्शक म्हणून हिंदीत त्यांना प्रथम उभे केले ते भगवान पालव यांनी, १९४२ च्या 'सुखी जीवन' मध्ये. हे भगवान म्हणजे आपले भगवानदादा, एका गिरणी कामगाराचे पुत्र. या दोघांनी मिळून १९५१ साली 'अलबेला' दिला. 'शोला जो भडके' मधील ते संथ, अंग न हलविता केलेले नृत्य पडद्यावर पाहिलेच पाहिजे. पण ज्यांनी ते कधी पाहिले नाही अशा लाखोंना ते गाणे केवळ ऐकून पाठ होते.

या संगीतकाराची एक गंमत आहे. चाली बांधताना ते सी. रामचंद्र असत आणि स्वतः गायला उभे राहिले म्हणजे तबकडीवर 'चितळकर' असे नाव छापले जाई. १९४७ साली, नेमक्या १५ ऑगस्टला, 'शहनाई' हा चित्रपट लागला. त्यात प्यारेलाल संतोषी यांनी लिहिलेले, रविवारच्या भेटीचे आमंत्रण देणारे गाणे होते. देश स्वतंत्र होत होता त्या दिवशी चितळकर आणि शमशाद बेगम हे असे थट्टामस्करी करीत होते. १९४९ च्या 'पतंगा' मध्ये रंगूनला गेलेल्या नवऱ्याचा टेलिफोन डेहराडूनला बायकोला येतो, ते गाणे आले. ट्रंक कॉल लावून तास न् तास ताटकळण्याचा तो काळ. घरी टेलिफोन असणे हीच श्रीमंतीची खूण. त्या यंत्राभोवतीचा सारा भाबडेपणा राजेंद्रकृष्ण यांच्या शब्दांत आणि चितळकर-शमशाद यांच्या आवाजात उतरला. १९५० च्या 'समाधी' मधील 'गोरे गोरे' ची चाल एका अमेरिकन चित्रपटातील गाण्यावरून उचललेली आहे, हे जाणकार नेहमी नाक मुरडून सांगतात. आहे खरी. परंतु उचललेल्या चालीला लता मंगेशकर आणि अमीरबाई कर्नाटकी यांच्या गळ्यातून अशी काही घरगुती करून टाकली, की तिचे माहेर विचारण्याची कोणाला गरज वाटली नाही.

या गाण्यांतला वाद्यमेळ गोव्याकडील वादकांनी उभा केला, हेही जाता जाता नोंदवितो. ट्रंपेटवादक आन्तोनियो झेवियर वाझ, ज्यांना सारे 'चिक चॉकलेट' म्हणत, ते बार्देशातील हळदोण्याचे. इना मीनाच्या जन्माची कथा अशी सांगतात, की चितळकरांच्या खोलीबाहेर मुले इंग्रजी बडबडगीत म्हणत खेळत होती. ते ऐकून त्यांनी आणि त्यांचे गोमंतकीय सहायक जॉन गोम्स यांनी एकावर एक निरर्थक शब्द रचीत नेले, आणि गोम्स यांनी त्यात 'मला नको' या अर्थाचे आपले कोंकणी शब्द सरकवून दिले. पुणतांब्याचा रामचंद्र आणि गोव्याचा जॉन यांच्या खोलीतून निघालेली ही कोंकणी लखनौच्या नवाबी कानांवर पडली आणि कोणाला तिचा पत्ता लागला नाही.

आता ती पडली कशी, याकडे वळू. इथे दुसरा मराठी माणूस येतो.

डॉक्टर बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे पुण्याचे. काशी विद्यापीठात शिकले, पॅरिसला जाऊन आले, संगीताचे मर्मज्ञ. लखनौकरांनी ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट म्हणजे पहिल्या लोकसभेत ते आपल्या शेजारच्या सुलतानपूर जिल्ह्यातून निवडून गेले होते. १९५२ साली ते माहिती व नभोवाणी मंत्री झाले आणि १९६२ पर्यंत त्या पदावर राहिले. आकाशवाणीवर शास्त्रीय संगीताला त्यांनी जे स्थान दिले त्याचे ऋण मोठे आहे. संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम १९५२ च्या जुलैत सुरू झाला, आकाशवाणी संगीत संमेलने १९५४ पासून भरू लागली. संस्थानांचा आश्रय संपल्यावर उघड्यावर पडू पाहणाऱ्या कितीतरी कलावंतांना आकाशवाणीने पगार आणि श्रोते दिले. कलावंतांची चाचणी घेण्याच्या कामी त्यांनी आपल्या रातंजनकरांना पुढे केले, त्यावरून गायकवादकांत मोठे वादळही उठले. तो इतिहास वेगळा आहे.

केसकरांना चित्रपटगीत आवडत नसे. त्यांच्या मते ते संकरित होते, उठवळ होते, पाश्चात्त्यांची नक्कल करणारे होते. त्यांनी आकाशवाणीवरील चित्रपटगीतांचा वेळ कापला, गाणी निवडून घ्यायचे ठरविले, आणि चित्रपटाचे नाव सांगणे ही जाहिरात होय असे मानून ते सांगणे बंद केले. निर्मात्यांनी चिडून गाणी वाजविण्याची परवानगीच काढून घेतली. परिणामी काही काळ आकाशवाणीवरून चित्रपटगीत जवळजवळ नाहीसे झाले. मी स्वतः सरकारी नोकर आहे. असा निर्णय कागदावर किती स्वच्छ दिसत असेल याची मला पूर्ण कल्पना आहे. हेतू उदात्त, कारणे क्रमवार, खाली सही. त्यात एकच गोष्ट राहून गेली होती. रेडिओला एक बटण असते आणि ते श्रोत्याच्या हातात असते.

श्रोत्याने ते फिरविले. दुसऱ्या महायुद्धात दोस्त सैन्यासाठी कोलंबोजवळ उभारलेले शक्तिशाली लघुलहरी प्रक्षेपक रेडिओ सिलोनच्या हाती आले होते, आणि त्याची व्यापारी सेवा हिंदी गाणी लावीत होती. ३ डिसेंबर १९५२ रोजी तिथे 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. निवेदक अमीन सयानी. मौज अशी, की गाणी मुंबईत तयार होत, कार्यक्रमही मुंबईतच ध्वनिमुद्रित होई, मग ती फीत विमानाने कोलंबोला जाई आणि तिथून लहरींवर स्वार होऊन उत्तर प्रदेशात उतरे. आपल्या देशाच्या विनोदाला आपल्याच देशात यायला समुद्र ओलांडावा लागला. बुधवारी रात्री आठ वाजता रेडिओ असलेल्या घरी शेजारपाजारची माणसे जमत असत, असे मी माझ्या वडीलधाऱ्यांकडून ऐकले आहे. अमीन सयानी फेब्रुवारी २०२४ मध्ये गेले, तेव्हा आपल्यापैकी कित्येकांना घरातले माणूस गेल्यासारखे वाटले.

आता पुढील योगायोग पाहा. केसकरांना लोकसभेत पाठविणाऱ्या त्याच सुलतानपुराचे नाव आपल्या नावाला लावणारे कवी मजरूह सुलतानपुरी. त्यांनी याच लखनौत तकमील-उत-तिब कॉलेजात युनानी वैद्यकी शिकली होती. हकिमी सोडून ते शायरीकडे वळले, मुंबईस गेले आणि १९५६ च्या 'सी. आय. डी.' साठी त्यांनी मुंबईत जगणे किती कठीण आहे हे सांगणारे ते गाणे लिहिले. ओ. पी. नय्यर यांनी त्याला एका इंग्रजी लोकगीताच्या वळणाची चाल दिली, महंमद रफी आणि गीता दत्त यांनी ते गायिले, पडद्यावर जॉनी वॉकर. त्या वर्षीच्या गीतमालेच्या वार्षिक यादीत ते पहिले आले. १९५८ च्या 'चलती का नाम गाडी' मध्ये पाच रुपये बारा आण्यांच्या हिशेबाचे गाणे लिहिले तेही याच मजरूहांनी. मंत्रिमहोदय सुलतानपूरचे प्रतिनिधी म्हणून दिल्लीत उठवळ गीतांना आवर घालीत होते आणि सुलतानपूरचा शायर मुंबईत ती लिहीत होता. लोकशाहीत मतदारांचे खरे मत कशातून कळते, यावर राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी विचार करावा.

मुंबई आपल्यापैकी अनेकांच्या आईवडिलांनी सोडली होती. बदलीच्या नोकरीत लखनौच्या क्वार्टरमध्ये वाढलेल्या आम्हा मुलांना मुंबई म्हणजे काय, हे त्या गाण्यानेच प्रथम कळले. ट्रामा, गिरण्या, जुगार, बेघर माणसे, आणि तरीही तिथेच राहण्याची हौस. भूगोलाच्या पुस्तकात यातले काहीही नव्हते. विनोदी गाणे हे काम फार सहज करते. दुःख सांगायचे तर श्रोता सावध होतो. हसता हसता सांगितले तर पटकन आत येते. आपल्या नाथांनी भारुडात हेच केले. विंचू चावल्याचे सोंग आणून त्यांनी काय सांगितले, हे या सभागृहात मी सांगायला नको. बहिरा, आंधळा, जोशी, गोंधळी अशी सोंगे मंदिरापुढे नाचली आणि त्यांना कोणी उठवळ म्हटले नाही. तमाशातील सोंगाड्याही त्याच घराण्यातला.

ही परंपरा आपलीच आहे असेही नाही. अवधला तिची उणीव कधीच नव्हती. इथल्या लग्नांतून व्याह्यांना शिव्या देणारी गाणी आजही म्हटली जातात. आपल्या विधानसभा मार्गावरील आकाशवाणी केंद्राने, जे २ एप्रिल १९३८ रोजी सुरू झाले, या हास्याला माइक दिला. उन्नाव जिल्ह्यातील रावतपूरचे चंद्रभूषण त्रिवेदी या केंद्रावर नोकरीस आले आणि 'रमई काका' झाले. त्यांच्या 'बहिरे बाबा' या मालिकेने अवधीभाषी खेड्यापाड्यांना वर्षानुवर्षे हसविले. त्यांची एक कविता आहे, गावाकडचा माणूस लखनौला येतो आणि पावलोपावली त्याचा घोटाळा होतो. ज्याला तो जे समजतो ते तो नसतोच. ही कविता मी इथल्या रिक्षावाल्यांच्या तोंडून ऐकली आहे, वकिलांच्या तोंडून ऐकली आहे. रमई काका १९८२ साली गेले. सी. रामचंद्रही त्याच वर्षी, ५ जानेवारीला. दिल्लीत संकरित म्हणून चित्रपटगीताला दार बंद झाले असताना लखनौच्या स्टुडिओत एक सरकारी कर्मचारी रोज लोकांना हसवीत होता, ही गोष्ट मला आमच्या नोकरशाहीच्या इतिहासातील फार समाधानाची वाटते.

माझ्या पिढीला हे सारे थोडे उशिरा मिळाले. आमच्या लहानपणी केसकरांचा काळ सरून गेला होता. त्यांच्याच मंत्रिपदाच्या काळात, ३ ऑक्टोबर १९५७ रोजी, 'विविध भारती' सुरू करावी लागली होती आणि चित्रपटगीत सन्मानाने घरी परतले होते. 'इना मीना डीका' ज्या 'आशा' चित्रपटातले, तोही १९५७ चाच. आम्ही ते 'भूले बिसरे गीत' मध्ये ऐकले, किंवा सिलोनवर सकाळी साडेसातला लागणाऱ्या जुन्या गाण्यांत. आमच्या घरी वडिलांच्या ओळखीचे एक वयस्क मराठी गायनशिक्षक येत असत. अतिशय कडक. आमच्या गुणगुणण्यावरही त्यांचे बारीक लक्ष असे. एके सकाळी हे गाणे लागले आणि आईने घाईने रेडिओ बंद करायला हात पुढे केला, तर त्यांनी खुणेने थांबविले. गाणे संपेपर्यंत त्यांची बोटे गुडघ्यावर चालली होती. मग म्हणाले, "हा माणूस तोंडाने खोटे बोलतो, सुराने बोलत नाही." आणि चहा मागितला.

त्यांच्या त्या वाक्याचा अर्थ मला पुष्कळ वर्षांनी लागला, तो असा. विनोदी गाणे बांधणे हे अवघड काम आहे आणि ते रेडिओसाठी बांधणे अधिक अवघड. पडद्यावर जॉनी वॉकरने नुसते डोळे फिरविले तरी हशा येतो. रेडिओवर डोळे नाहीत. जे काही करायचे ते आवाजाने. शब्द कुठे तोडायचा, श्वास कुठे घ्यायचा, बायकोचा रुसवा दोन स्वरांत कसा दाखवायचा, आणि हे सारे ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर, म्हणजे जेमतेम सव्वातीन मिनिटांत. त्यातून लघुलहरींचे ते क्षेपण! ज्यांनी ऐकले आहे त्यांना आठवेल, आवाज जवळ यायचा, दूर जायचा, मधेच खरखर, मधेच दुसऱ्या देशाची बातमीपत्रे. लांब मींड त्या खरखरीत बुडून जाई. पण ठसठशीत, उड्या मारणारी अक्षरे मात्र दगडावरून दगडावर पाय ठेवीत पलीकडे येत. निरर्थक शब्दांना आणखी एक सोय आहे. अर्धे ऐकू आले तरी बिघडत नाही. रेडिओने ही गाणी नुसती पसरविली असे नाही; त्यांचा काही घाटही त्या यंत्राच्या गुणदोषांना सोयीचा होता, असे माझे मत आहे. तज्ज्ञांनी ते खोडून काढावे, मी ऐकून घेईन.

निरर्थक शब्दांचा उल्लेख निघालाच आहे तर आमच्या ज्येष्ठ सभासदांना एक नम्र प्रश्न विचारतो. तराणा हा आपल्या शास्त्रीय संगीतातला मान्यवर प्रकार. त्यातल्या तोम्, तनन, दिर, दानी यांचा अर्थ काय? काही विद्वान त्यांत फारसी गूढार्थ शोधतात. पण गाणारा त्या अर्थासाठी गात नाही आणि ऐकणाराही त्यासाठी ऐकत नाही. लयीशी खेळण्यासाठी जिभेला मोकळी अक्षरे हवी असतात, म्हणून ती आहेत. रातंजनकरांनी सुरेख तराणे बांधले. विनायकबुवा तर तराण्याचे बादशहाच. त्याच विनायकबुवांच्या शिष्याने द्रुत लयीत निरर्थक अक्षरे टाकून एक गाणे बांधले आणि किशोरकुमार व आशा भोसले यांच्याकडून निरनिराळे गाऊन घेतले. तिथे मात्र आपण म्हणतो, शोभत नाही. मी या दोन गोष्टींची बरोबरी करीत नाही. तराण्याची खोली वेगळी. परंतु नाते आहे, आणि ते बुवांच्या वर्गातून आलेले आहे.

नाते तोडण्याची आपली घाई मला नेहमी कोड्यात टाकते. २७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीत लताबाईंनी 'ऐ मेरे वतन के लोगो' गायिले. चाल सी. रामचंद्रांची, शब्द कवी प्रदीप यांचे. प्रदीपही लखनौ विद्यापीठाचेच पदवीधर. दर २६ जानेवारीला आपण ते गीत लावतो आणि संगीतकार मराठी होता हे अभिमानाने सांगतो. सांगायलाच हवे. पण रडविणारा चितळकर आपला आणि हसविणारा कोणाचा? स्वतः त्यांनी असा भेद केलेला दिसत नाही. 'अनारकली' ची करुण गीते आणि 'अलबेला' ची धमाल यांत दोनच वर्षांचे अंतर आहे. एकाच पेटीवर दोन्ही बसविलेली.

परदेशात या प्रकाराकडे कसे पाहतात ते थोडक्यात सांगतो. अमेरिकेत बॅरेट हॅन्सन नावाच्या संगीताच्या अभ्यासकाने १९७० साली लॉस एंजेलिसच्या एका रेडिओ केंद्रावर 'डॉक्टर डिमेंटो' असे विक्षिप्त नाव घेऊन केवळ विनोदी आणि विचित्र तबकड्या वाजवायला सुरुवात केली आणि हा उद्योग काही दशके चालविला. विसरलेल्या, टाकून दिलेल्या तबकड्या त्याने जमविल्या. स्पाइक जोन्स यांच्यासारखा, भांडी आणि पिस्तुले यांच्या आवाजांवर वाद्यवृंद चालविणारा जुना कलावंत त्याच्यामुळे नव्या मुलांना कळला. इंग्लंडात बी. बी. सी. ने १९५१ ते १९६० या काळात 'गून शो' चालविला, त्याच्या ध्वनिमुद्रिका आजही निगुतीने जपून ठेवल्या आहेत. म्हणजे हसू हेही दप्तरात ठेवण्याजोगे कागदपत्र आहे, असे त्या लोकांना वाटले.

आता प्रस्तावाकडे येतो. आपल्या सभासदांच्या घरी माळ्यावर अजून जुन्या तबकड्या आहेत. माझ्याकडेच सोळा आहेत, त्यांतील तीन तडकलेल्या. कॅसेटींचे तर डबे असतील. आपल्या ग्रंथालयातील एक कपाट यासाठी मोकळे करावे, आणि ज्यांना संगणकाचे ज्ञान आहे त्या तरुणांनी या तबकड्या, कॅसेटी उतरवून घ्याव्यात. दुसरे, ज्या वृद्ध सभासदांनी सिलोन प्रत्यक्ष ऐकले, त्यांच्या आठवणी त्यांच्याच आवाजात नोंदवाव्यात. मराठीत, आणि ज्यांच्या मराठीत आता अवधी मिसळली आहे त्यांच्या त्या मिसळलेल्या मराठीत. यासाठी खर्च फार नाही. मी अंदाजपत्रक खजिनदारांकडे दिले आहे आणि त्यावर त्यांचे नेहमीचे प्रश्न आलेही आहेत. तिसरे, गणेशोत्सवात एक संध्याकाळ हसऱ्या गाण्यांची असावी. भारुडाने सुरुवात करावी, रमई काकांची कविता कोणा अवधी मित्राकडून म्हणवून घ्यावी, आणि मग मुलांना हवे ते गाऊ द्यावे. निवड समिती नसावी. असलीच तर तिच्यात बारा वर्षांखालील दोन सभासद असावेत.

ज्या मुलीची गोष्ट मी प्रारंभी सांगितली, ती आता नोकरीनिमित्त बंगळुरास असते. तिच्या आईकडून कळले, की या व्याख्यानाचे ध्वनिमुद्रण तिने मागविले आहे. भाषणासाठी नव्हे, त्यानंतर वाजणार असलेल्या गाण्यांसाठी. ती गाणी आता आपले कार्यकर्ते लावतील. प्रथम 'पतंगा' मधील टेलिफोन, मग 'सी. आय. डी.' मधील मुंबई, आणि शेवटी 'आशा' मधील दोन्ही, आधी आशाबाईंचे व मग किशोरकुमारांचे. पहिली तबकडी माझ्याच माळ्यावरची आहे. सुरुवातीला ती थोडी खरखरेल, तेवढे सांभाळून घ्यावे. दिवे मालवू नयेत, कारण मागच्या रांगेतील मुलांना नाचायचे आहे आणि खुर्च्या मधे आहेत.